डाव्या हाताची धमनी

रोहिणी फिरकेच्या डाव्या हाताची धमनी आठ वर्षांपासून तिच्या भावाच्या छातीत होती, आणि तिथं तिचं झकास चाललं होतं. हे रोहिणीला दर दिवाळीला ऐकवलं जायचं. वर्षाची तपासणी झाली की हेमंतदादाचा फैजपूरहून फोन यायचा. "रोहिणी, तुझी नळी एकदम चकाचक आहे बरं. डॉक्टर म्हणे, विशीतल्या पोराच्या छातीत अशी सापडत नाही." रोहिणी म्हणायची, "बरं झालं, दादा." मग फोन ठेवून डावा पंजा उजव्या काखेत दाबून बसायची, कारण तो गार पडलेला असायचा.

त्या पंजाची तपासणी आठ वर्षांत कुणीही केली नव्हती. ज्याच्या छातीत नळी बसवली त्याला दरवर्षी बोलावणं, फोटो, रक्त, पट्ट्यावर चालवून ठोके बघणं. जिच्या हातातून काढली तिला टाके काढायला एकदा बोलावलं आणि सांगितलं, ताई, पंजाला दोन धमन्या असतात, एक गेली तर दुसरी सांभाळून घेते. घेते ना सांभाळून. बाईचं शरीर ते, सांभाळून घेण्यात पटाईतच असायचं. पण सांभाळून घेणं म्हणजे काय, ते बघायला रोहिणीच्या खापरापाशी यायला हवं होतं, आणि तिथं एकही डॉक्टर कधी फिरकला नाही.

रोहिणी सावद्याला खापरावरचे मांडे करून विकायची. ज्यांनी मांडे होताना पाहिले नाहीत त्यांना सांगायचं तर, पुरण भरलेली पारी थोडी लाटायची आणि मग दोन्ही हातांवर घ्यायची. बोटांपासून कोपरापर्यंत ती फिरवत राहायची, तशी ती आपल्याच वजनानं पसरत जाते. पार पातळ झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. हात सारखे वर, आणि खाली जाळ. रोहिणी पूर्वी लग्नाच्या मांडवात दिवसभर उभी राहून हे करायची. ऑपरेशननंतर थोडे मांडे झाले की डावा हात शिशाचा होऊन जायचा, बोटांत गोळे यायचे आणि मांडा डावीकडं लोंबून फाटायचा. मोठ्या ऑर्डरी तिनं सोडून दिल्या. लोक म्हणाले, रोहिणीबाईला माज आला.

आता हे शास्त्र काय होतं ते सांगायला हवं, कारण त्याच्याच नावावर हा सगळा तमाशा झाला.

हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या नळ्या तुंबल्या की सर्जन दुसरीकडची नळी आणून तुंबलेल्या जागेला वळसा घालतात, त्याला बायपास म्हणतात. ही नळी पूर्वी बहुतेक पायातून घेत. पण पायात मिळते ती शीर. शिरेतलं रक्त संथ, तिची भिंत पातळ. तिला हृदयाच्या दाबाखाली जोडली की ती बिचारी जाड होते, आतून खरबरीत होते, आणि दहाएक वर्षांत बऱ्याचशा शिरा बंद पडतात. धमनीचं तसं नाही. तिचा जन्मच दाबाखाली गेलेला. तिच्या आतलं अस्तर एक वायू सोडत राहतं, त्यामुळं ती सैल राहते आणि चरबीला पाय रोवू देत नाही. छातीच्या आतल्या बाजूची धमनी वीस वर्षांनीही उघडी सापडते. मनगटावर आपण नाडी बघतो तीही चांगली टिकते. अडचण एवढीच की माणसाजवळ अशा सुट्या धमन्या मोजक्या, आणि हेमंतदादासारख्या मधुमेह्याच्या हातातल्या तर चुना धरून कडक झालेल्या.

मग अस्तर बदलायची युक्ती निघाली. दुसऱ्याच्या हातातली धमनी काढायची, तिच्यातल्या त्याच्या पेशी धुऊन टाकायच्या, उरलेल्या लवचीक नळीत रोग्याच्या स्वतःच्या पेशी पेरायच्या आणि काही आठवडे कोमट द्रवाच्या टाकीत हृदयासारखे दाब देत वाढवायच्या. रोग्याच्या शरीराला ती आपलीच वाटते. रक्तगट जुळायला नको, जन्मभराच्या गोळ्या नकोत. मेलेल्या माणसाची मात्र चालत नाही, कारण रक्त थांबलं की ते लवचीक थर लगेच आखडतात. कारखान्यातल्या नळ्याही लावून पाहिल्या, त्या लवकर तुंबल्या. म्हणजे जिवंत माणूसच पाहिजे.

युक्तीत खोट काढायला जागा नव्हती. मग पंधरा वर्षांचे निकाल आले. दान घेतलेल्या शंभरातल्या नव्वदाच्या वर नळ्या उघड्या होत्या. त्याच अहवालात एक वाक्य असं होतं की बायकांच्या धमन्या पुरुषांच्या धमन्यांपेक्षा किंचित जास्त टिकतात. किंचित म्हणजे शंभरात दोन. झालं. लोकांपर्यंत येईतो 'किंचित' गळून पडलं, आणि ज्यांनी शाळेत विज्ञानाच्या तासाला झोपा काढल्या होत्या त्या सासऱ्यांना, दिरांना, भावांना एकाएकी शास्त्र कळायला लागलं. मुलगी बघायला आलेली माणसं पोहे खाताखाता विचारू लागली, "दोन्ही हात शाबूत आहेत ना?" हात दिलेल्या बाईला नुसतं 'दिलेली' म्हणायची पद्धत पडली. पुरुषासाठी तसा शब्द कुणी काढला नाही, कारण गरजच पडली नाही.

पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी हेमंतदादा आणि शीतलवहिनी न कळवता सावद्याला आले. दादाचा केळीचा व्यापार. माणूस अंगानं भरलेला, बोलण्यात मऊ. येताना त्यानं केळीचा घड आणला होता आणि वहिनींनी साडी. साडीला रोहिणीनं हात लावला नाही. माहेरची साडी तिला अशी आडवारी दोनदाच आली होती. एकदा वडिलांच्या शेतातला हिस्सा तिनं भावासाठी सोडला तेव्हा, आणि एकदा हात दिला तेव्हा.

"ताई, ह्यांच्या हृदयाच्या बाकीच्या दोन नळ्या बंद होऊन राहिल्या," वहिनी म्हणाल्या. "तुमची चांगली आहे हो. तिला काही झालं नाही."

"बाकीच्यांना काय झालं?" रोहिणीनं विचारलं. "दादा, तंबाखू सोडली होतीस ना?"

दादा खिडकीबाहेर बघायला लागला. "सोडलीच आहे. कधीमधी जेवल्यावर."

रोहिणीनं नकळत उजवा हात पदराखाली घेतला. वहिनींच्या ते लक्षात आलं. "नाही नाही, तुम्हाला नाही मागत आम्ही," त्या घाईनं म्हणाल्या. "तुमचं वय झालं. डॉक्टर म्हणे, कोवळा हात असला तर पंचवीस वर्षं बघायला नको. आपली ईश्वरी देईल."

ईश्वरी म्हणजे दादाची मुलगी. जळगावला दातांची डॉक्टर होण्यासाठी शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. रोहिणीला मूलबाळ नव्हतं, आणि ईश्वरीनं सगळ्या सुट्ट्या आत्याच्या ओट्यावर पीठ तिंबत घालवल्या होत्या. ती पोर लहानपणी मांडा हातावर घ्यायला जायची आणि डोक्यावरून पांघरून बसायची.

"ती देते म्हणाली?"

"त्यात म्हणायचं काय? बाप आहे तिचा."

"आणि तेजस?" रोहिणी म्हणाली. तेजस हा ईश्वरीचा मोठा भाऊ, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करणारा.

"तेजसचं आता लग्न जमवायचंय, ताई. पोराच्या हातावर हा एवढा व्रण बघून कोण मुलगी देईल? आणि शास्त्रच आहे ना, बायकांची जास्त टिकते."

"ईश्वरीचं लग्न नाही जमवायचं?"

"बापाला हात दिलेली पोर म्हणजे संस्कारी पोर. लोक रांग लावतील. आणि दात उपटायला उजवा हात लागतो. डाव्या हातात काय, नुसता आरसा."

रोहिणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती उठली, दादाच्या मागं गेली आणि डावा पंजा तिनं त्याच्या उघड्या मानेवर ठेवला. दादा दचकून पुढं सरकला.

"गार लागलं ना?" ती म्हणाली. "तुझ्या चकाचक नळीची ही दुसरी बाजू. बारा महिने अशीच असते."

"तू कधी बोलली नाहीस," दादा म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

दादानं चहा तसाच ठेवला. दारात चपला घालताना वहिनी म्हणाल्या, "बापलेकीच्या मधे पडू नका, ताई. माहेर एकदा तुटलं की सांधत नाही." साडी त्यांनी टेबलावरच राहू दिली. रोहिणीनं ती पिशवीसकट उचलली आणि गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन टाकली.

दुपारी तिनं ईश्वरीला फोन लावला.

"आत्या, पप्पा गेले तर मी जन्मभर तोंड कुठं दाखवू?" ईश्वरी रडत होती.

"तुझा बाप कुठंही जात नाही. पायातली शीर घालून ऑपरेशन होतं. पूर्वी सगळ्यांचं तसंच व्हायचं. दहा-बारा वर्षं निघतात. हात दिलास तर पंचवीस निघतील. एवढाच फरक आहे, जीव जाण्याचा प्रश्नच नाही."

"मग घरी सगळे असं का बोलून राहिले?"

"तसं बोललं की पोरी हो म्हणतात म्हणून. मला खरं सांग, तुला द्यायचाय?"

ईश्वरीचं रडणं थांबलं. मग ईश्वरी म्हणाली, "आम्हाला दाढा काढायला शिकवतात तेव्हा डाव्या हातानं जबडा धरावा लागतो, आत्या. तासन्‌तास. पण नाही म्हणायला आमच्या घरात जागा कुठंय?"

"घरात नाही. दवाखान्यात एक खोली आहे."

आणि रोहिणीनं तिला त्या खोलीबद्दल सांगितलं. दान घ्यायच्या आधी दवाखान्यातली बाई दात्याला एकट्याला आत बोलावते, दार लावते, मशीन लावून हातातल्या नळीचं माप जुळतं का बघते आणि मनातलं विचारते. आत नाही म्हटलं तर ती बाई बाहेर येऊन घरच्यांना एवढंच सांगते, हात जुळत नाही. कारण सांगत नाही, कुणी विचारलं तरी नाही. कायदाच तसा होता, शहाण्या माणसानं केलेला. पण आपल्याकडं बाईमाणूस दवाखान्यात एकटं आत जातं कधी? आठ वर्षांपूर्वी ती बाई म्हणाली होती, फक्त तुम्हीच या, आणि रोहिणीच उलट म्हणाली होती, वहिनींना येऊ द्या की, घरच्याच आहेत, परक्या थोड्याच. वहिनी शेजारी बसल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि मनातलं मनातच राहिलं.

"तू एकटी जायचंस," रोहिणी म्हणाली. "आत जाऊन हो म्हण, नाही म्हण, तुझी मर्जी. पण एकटी."

जळगावच्या त्या दवाखान्यात सगळे बाकावर ओळीनं बसले होते. दादा, वहिनी, ईश्वरी, आणि फोनमध्ये डोकं घातलेला तेजस. रोहिणी न बोलावता आली होती आणि दारापाशी उभी होती. कुणी तिला बस म्हटलं नाही.

तडवी मॅडम म्हणून समुपदेशक होत्या. त्यांनी दार उघडून ईश्वरीला हाक मारली. ईश्वरी उठली, तशा वहिनीही पर्स सावरत उठल्या.

"फक्त दाता," तडवी मॅडम म्हणाल्या.

"अहो, मी आईच आहे. लेकरू घाबरतं एकटं."

तडवी मॅडमनी ईश्वरीकडं पाहिलं. आणि ती खुळी पोर, सगळं समजावून सांगितलेलं असताना, आईच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाली, "येऊ दे ना मम्मीला."

रोहिणी दारात आडवी झाली. "नाही."

"ताई, सरका," वहिनी म्हणाल्या. "माझ्या नि मुलीच्या मधे येणाऱ्या तुम्ही कोण?"

"दिलेली," रोहिणी म्हणाली. "ह्याच खोलीत तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. आठवतंय? पोरगी एकटी आत जाईल. नाहीतर मी इथंच ओरडून सगळा दवाखाना गोळा करते. तेवढी लाज मी केव्हाच सोडलीय."

दादा बाकावरून हलक्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे गं एकटी. काय फरक पडतो?" त्याला खरंच तसं वाटत होतं. लेक नाही म्हणेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. वहिनी बसल्या. ईश्वरी आत गेली आणि दार लागलं.

ती बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. तडवी मॅडम म्हणाल्या, "हात जुळत नाही."

"असं कसं?" वहिनी ताडकन उठल्या. "पुन्हा बघा. मशीन नीट लावलं नसेल. हिच्या हाताला काय धाड भरलीय? घरात कपाट एकटी हलवते."

"एवढंच सांगता येतं, बाई."

"मग मुंबईला दाखवू. दुसरीकडं तपासू. पैशाचं काय ते बघता येईल."

ईश्वरी भिंतीला टेकून उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. रोहिणी म्हणाली, "मुंबई नंतर. तेजस आहे की इथं."

"मला उद्या मीटिंग आहे," तेजस म्हणाला.

"कापत नाहीत रे आज. नुसतं बघतील," दादा म्हणाला. "जाऊन ये."

तेजस आत गेला. वहिनींनी मागवलेला चहा अजून यायचा होता, तेवढ्यात तो बाहेर आलासुद्धा. तडवी मॅडमनी त्याच आवाजात तेच सांगितलं, "हात जुळत नाही."

"बरं झालं, माय," वहिनींच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी तेजसला जवळ बसवलं आणि त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. मशीन नीट लावलं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही. मुंबईचं नावही काढलं नाही. ईश्वरी आईकडं बघत राहिली. रोहिणीनं तो चेहरा पाहिला आणि संतापून ती ईश्वरीशेजारी जाऊन उभी राहिली.

मग दादानं मान वर केली. फार मऊ आवाजात तो म्हणाला, "रोहिणी, तुझा उजवा राहिला ना अजून."

तडवी मॅडम चटकन पुढं झाल्या. "या ना ताई, आत बसून बोलू," त्या म्हणाल्या, आणि दार त्यांनी रोहिणीसाठी उघडं धरलं. काय देऊ करताहेत ते रोहिणीला समजलं. आत जायचं, बाहेर यायचं, मॅडमनी तेच तीन शब्द ऐकवले की सुटका. दादा हळहळेल, वहिनी उसासा टाकतील, आणि दिवाळीला बोलावणं येईल. माहेर जसंच्या तसं.

"नको मॅडम," ती म्हणाली. "आत कशाला? माझा हात जुळतो. चांगला दणकट आहे. दादा, तो मी देणार नाही."

"रोहिणी."

"शेत दिलं, तेव्हा 'तुला हिस्सा हवा का' असंसुद्धा विचारलं नाहीस. हात दिला, तो गार आहे की गरम, ते आठ वर्षांत विचारलं नाहीस. हा दुसरा गेला तर मी खापरापाशी उभी राहू शकत नाही. माझं पोट त्याच्यावर आहे, आणि त्याहून जास्त म्हणजे तो माझा आहे. नाही म्हणजे नाही."

"मग मी मरू?"

सर्जन डॉक्टर सरोदे आवाज ऐकून त्यांच्या खोलीतून बाहेर आले होते. "मरायचं कुणी काढलं?" ते म्हणाले. "हेमंतराव, मी पहिल्याच दिवशी सांगितलं तुम्हाला. पायातली शीर घेऊ. नीट राहिलात तर दहा-बारा वर्षं आरामात."

"दहाच?" दादा म्हणाला. केळीच्या गाडीत माल कमी भरला की तो ज्या सुरात बोलायचा, तोच सूर.

"दहा," रोहिणी म्हणाली. "मग दहा वर्षं जग. तुझ्या अंगातली शीर, तुझं पथ्य, तुझी तंबाखू. किती पुरवायची ते तुझं तू बघ."

वहिनी रडायला लागल्या. रडतारडता त्या म्हणाल्या, असली नणंद शत्रूलाही मिळू नये, आजपासून आमचं दार तुम्हाला बंद. रोहिणीनं ते ऐकून घेतलं. तिला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ती जागची हलली नाही.

तेवढ्यात ईश्वरी भिंतीपासून सुटून पुढं आली. "पप्पा, माझाही जुळतो," ती म्हणाली. "मशीन नीट होतं. मी आत नाही म्हटलं."

दादा लेकीकडं बघत राहिला. मग त्यानं बहिणीकडं पाहिलं, आणि मग बऱ्याच वेळानं, मान वळवून, बाकावर आईला चिकटून बसलेल्या पोराकडं.

"आणि तुझा रे?" त्यानं विचारलं.

वहिनींनी डोळे पुसत तोंड उघडलं, तसा दादानं हात वर केला. "तू नको," तो म्हणाला. "त्याला बोलू दे."